मिस्साआधी मित्राशी समेट

रविवारच्या मिस्सात प्रभूची प्रार्थना झाली की फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो मित्र मागच्याच बाकावर असेल, तर बरेच जण दुसरीकडे वळून हात जोडतात. खरं तर त्या क्षणाची तयारी आधीच्या दोन-तीन दिवसांत करायची असते. मत्तयच्या शुभवर्तमानात (५:२३-२४) येशूने क्रमच लावून दिला आहे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग परत यायचं. चूक कोणाची होती, हे तिथे विचारलेलंच नाही. दुखावलं कोण, एवढंच पाहायचं.

शुक्रवारी रात्री फोन बाजूला ठेव आणि कागदावर लिही: नेमकं काय झालं? मी काय बोललो, कुठे बोललो, कोणी ऐकलं? कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात इथे उपयोगी पडणारे तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत: पुरावा नसताना मनात कुणाला दोषी ठरवणं, कुणाचा खरा दोष कारण नसताना इतरांना सांगणं, आणि खोटं सांगून कुणाचं नाव खराब करणं. ‘मी खोटं कुठे बोललो?’ असं म्हणणाऱ्याने दुसरा दोष पुन्हा वाचावा. मुलामुलींच्या मैत्र्या माझ्या पाहण्यात त्यानेच जास्त तुटतात. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट खरी असते, म्हणूनच ती फुटली की जिव्हारी लागते.

आता भेट. मत्तय १८:१५ मध्ये पहिली अट आहे ती दोघांनीच भेटण्याची. मेसेजवर वाद मिटवू नकोस. भेटीची वेळ ठरवण्यापुरताच फोन वापर. चर्चच्या आवारात, क्लासवरून परतताना, कुठेही चालेल, फक्त भोवती आपलं टोळकं नको. बोलणं दोन-तीन वाक्यांचं असू दे. ‘तुझा फोटो मी ग्रुपवर टाकला, सगळे हसले. माझं चुकलं. मला माफ कर.’ त्यापुढे ‘पण तूसुद्धा...’ आलं की माफी संपली, भांडण सुरू झालं. तूच दुखावला गेला असशील, तर तेही सरळ सांग: ‘तू सगळ्यांसमोर तसं म्हणालास ते मला लागलं.’ मग गप्प राहून ऐक. तो चिडला तर चिडू दे.

समोरचा मित्र हिंदू किंवा मुसलमान असला तरी रीत हीच. वसईच्या शाळांमध्ये एका बाकावर सगळ्या धर्मांची मुलं बसतात. त्याला वचन ऐकवत बसू नकोस, तुझी माफी पुरे.

त्यानंतर भरपाई, आणि हीच पायरी लोक गाळतात. नाव जिथे खराब केलं तिथेच ते नीट करायचं. त्याच ग्रुपवर लिही की आपण सांगितलेलं चुकीचं होतं. गोष्ट खरी असेल तर ती पुन्हा उगाळू नकोस. ती सांगायला नको होती, एवढंच कबूल कर. धर्मशिक्षणग्रंथाचा २४८७ वा परिच्छेद ही भरपाई कर्तव्य मानतो, माफी मिळाली तरीसुद्धा.

तो ऐकतच नसेल, तर दोघांनाही जवळचा असा एखादा माणूस सोबत घे. तुझ्या बाजूचे नकोत. तेही जमलं नाही तर युवा गटाच्या ताईदादांना किंवा फादरांना सांग.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. मारहाण, धमकी, फोटोवरून ब्लॅकमेल किंवा अंगाला नकोसा हात लावणं असं काही घडलं असेल, तर एकट्याने भेटायला जाऊ नकोस. विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांग, नाहीतर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन कर. क्षमा करणं म्हणजे पुन्हा छळणाऱ्याच्या तावडीत जाणं नव्हे. आणि मित्राने स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याविषयी सांगितलं असेल, तर ते गुपित ठेवायचं नसतं.

मिस्साआधी कन्फेशनला जा. फादर तिथे ऐकलेलं कोणालाही सांगू शकत नाहीत, तुझ्या आईवडिलांनाही नाही. पण कन्फेशन केलं म्हणून मित्राची भेट टळत नाही.

समेट झाल्यावर नुसत्या गप्पांवर विसंबू नका, मिळून काहीतरी करा. तुरिनच्या पिएर जॉर्जो फ्रासातीने १९२४ मध्ये मित्रमैत्रिणींचा एक गट काढला होता. ते डोंगर चढायचे, थट्टामस्करी करायचे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायचे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी चर्चने त्याला संत घोषित केलं. त्याच दिवशी संत झालेला कार्लो अकुतिस पंधराव्या वर्षी वारला. शाळेत ज्यांना छळलं जायचं त्या मुलांच्या बाजूने तो उभा राहायचा. तुम्हाला नाताळचा गोठा एकत्र बांधता येईल, कॉयरमध्ये शेजारी उभं राहता येईल.

हे वाचताना एखादं नाव मनात आलं असेल, तर आजच त्याला फोन करून भेटीची वेळ ठरव. तो आला नाही तरी रविवारी मिस्साला ये, आणि पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा विचार.