शेवग्याच्या पाल्याची डीपीपीएच चाचणी

शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्लोरोजेनिक आम्ल अशी अँटिऑक्सिडंट संयुगं असतात. ती एकत्रितपणे किती जोर दाखवतात, हे बीएस्सीच्या साध्या प्रयोगशाळेतही मोजता येतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र हवा.

खरी कसोटी पाल्याशीच लागते. एकाच झाडाचा, सारख्या वयाचा पाला सकाळी तोडा. कोवळा आणि निबर मिसळू नका. धुऊन, पाणी निथळून सावलीत पातळ पसरा. ढीग करून ठेवलेला ओला पाला आतून गरम होतो, काळवंडतो आणि आपल्याला हवी तीच संयुगं विकरांमुळे नासतात. पावसाळ्यात सावलीवर भरवसा नको, ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवा. चुरचुरीत झाल्यावर दळून चाळा.

५ ग्रॅम पूड ५० मिलीलिटर ८० टक्के मिथेनॉलमध्ये घालून, गडद बाटलीत २४ तास अधूनमधून हलवत ठेवा. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. काम फ्यूम हूडमध्येच करा. गाळणकागदातून गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना द्रावक काढा. उरलेल्या चिकट अर्कातला १० मिलिग्रॅम १० मिलीलिटर ८० टक्के मिथेनॉलमध्ये विरघळवा. त्यापासून ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर अशी द्रावणं करा.

आता ४ मिलिग्रॅम डीपीपीएच (स्थिर मुक्तमूलक असलेलं रसायन) १०० मिलीलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा. गडद जांभळं द्रावण होईल. ते त्याच दिवशी वापरा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा. अर्काच्या १ मिलीलिटर द्रावणात हे ३ मिलीलिटर मिसळा, अंधारात ३० मिनिटं ठेवा आणि ५१७ नॅनोमीटरवर वाचन घ्या. अँटिऑक्सिडंट जितकं जास्त, तितका जांभळा रंग पिवळ्याकडे झुकतो. नियंत्रण नळीत अर्काऐवजी १ मिलीलिटर ८० टक्के मिथेनॉल घाला.

विद्यार्थी हमखास विसरतात ती नळी म्हणजे अर्क अधिक नुसतं मिथेनॉल. अर्क स्वतःच हिरवा असतो. त्याचा रंग वजा केला नाही, तर चांगला पालाही कमजोर दिसतो. प्रत्येक संहतीसाठी अशी वेगळी नळी ठेवा आणि सगळी वाचनं तीनदा घ्या.

रंगनाशाची टक्केवारी = [नियंत्रण − (नमुना − अर्काचा रंग)] ÷ नियंत्रण × १००.

आलेखावरून ५० टक्के रंगनाशाची संहती काढा. नळीत अर्क चौपट पातळ झालेला असतो, म्हणून २०० चे ५० धरा. रंगनाश ५० टक्क्यांपर्यंत पोचलाच नाही, तर रेष अंदाजाने पुढे ओढू नका. अधिक संहतीची द्रावणं करा. तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक आम्ल त्याच पद्धतीने तपासा. त्याच्या बाबतीत नळीतली १ ते १० मायक्रोग्रॅमची पट्टी पुरते.

हा आकडा नळीतल्या रसायनाचा आहे. त्यावरून पाला अमुक आजारावर औषध ठरवणं चूक आहे. अहवालात झाडाचं ठिकाण, महिना, वाळवण्याची पद्धत आणि द्रावक लिहा. ही माहिती नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवू नका.