आभासी दृश्यांच्या हेडसेटचा धंदा : आधी चार्जिंगची सोय पाहा

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. तारकर्ली-देवबागचे स्कुबा डायव्हिंगही त्याच सुमारास थांबते. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत, त्यातही दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुटीत जे हाती पडेल त्यावर वर्ष काढायचे, असा या किनाऱ्यावरील पर्यटन धंद्याचा हिशोब आहे. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मालवणच्या एका होतकरू वाचकाने आमच्याकडे विचारणा केली आहे. त्याचे थोरले बंधू दुबईस नोकरीला आहेत. ते 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी'चा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दृश्ये पाहण्याचा हेडसेट आणणार आहेत. ज्यांना पाण्यात उतरवत नाही अशा वडीलधाऱ्या पाहुण्यांना किनाऱ्यावर खुर्चीत बसवून समुद्राखालचे प्रवाळ आणि मासे दाखवायचे, असा बेत आहे. त्याचा प्रश्न असा, की एकच भारी हेडसेट घ्यावा की दोन साधे घ्यावेत?

बेत चांगला आहे. (दाखवायची फिल्म स्वतः चित्रित केलेली किंवा परवानगी घेतलेली असावी, हे जाता जाता सांगून ठेवतो.) परंतु प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला गेला आहे, असे आमचे मत आहे. या धंद्यात गिऱ्हाइकाला आपण मिनिटे विकतो, आणि ती मिनिटे बॅटरीत असतात. म्हणून भांडवलातील पहिले पैसे चार्जिंगच्या सोयीला लागले पाहिजेत, दुसऱ्या हेडसेटचा विचार त्यानंतर.

हिशोब करून पाहू. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हा हेडसेट ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला. त्याची बॅटरी ५०६० एमएएचची असून ती सरासरी सव्वादोन तासांच्या आत-बाहेर चालते. २०२० चा क्वेस्ट २ दोन ते तीन तास चालतो, त्याची बॅटरी ३६४० एमएएच आहे. रिकामी बॅटरी पूर्ण भरण्यास दोन्हींना दोन ते अडीच तास लागतात. आता समजा, दहा मिनिटांचा एक खेळ आहे, आणि पट्टा बसवणे, पुसणे, पैसे घेणे यांत आणखी पाच मिनिटे जातात. म्हणजे तासाला चार गिऱ्हाइके. संध्याकाळी चार ते आठ ही किनाऱ्यावरील खरी वेळ धरली, तर सोळा गिऱ्हाइके व्हायला हवीत. पण आठ-नऊ झाली, की हेडसेट डोळे मिटतो, आणि तो भरून होईपर्यंत पाहुणे मासे खायला खाणावळीत पोहोचलेले असतात. माणशी शंभर रुपये धरले तरी दिवसाला सात-आठशे रुपये हातचे गेले. मोसमातील गर्दीचे वीस दिवस धरा, पंधरा हजारांच्या आसपास रक्कम होते. या रकमेपुढे चार्जिंगचे सामान स्वस्तच पडते.

विजेच्या बिलाची मात्र चिंता नको. क्वेस्ट ३ च्या बॅटरीत सुमारे साडेएकोणीस वॅट-तास वीज मावते. वाटेतील घट धरून पंचवीस म्हणा. एका युनिटमध्ये हजार वॅट-तास असतात, म्हणजे एका युनिटात बॅटरी चाळीस वेळा भरते. तोटा होतो तो वेळेचा.

येथे वॅट आणि एमएएच या दोन शब्दांचा उलगडा करणे जरूर आहे, कारण दुकानात फसगत होते ती यातच. चार्जरवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. पाच व्होल्ट एक अँपिअरचा जुना मोबाइल चार्जर पाच वॅटचा झाला. नऊ व्होल्ट दोन अँपिअरचा अठरा वॅटचा. क्वेस्ट ३ सोबत अठरा वॅटचा चार्जर येतो. आता पाहा, हा हेडसेट साडेएकोणीस वॅट-तास सव्वादोन तासांत संपवतो, म्हणजे चालू असताना तो तासाला जवळजवळ नऊ वॅट-तास खातो. त्याला पाच वॅटचा चार्जर लावून खेळ चालू ठेवला, तर वायर लावलेली दिसत असूनही बॅटरी उतरतच राहील. अशा वेळी अनेकजण हेडसेट बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेतात. बिघाड काहीच नसतो, विहिरीत झरा कमी आणि उपसा जास्त, एवढेच.

वायरीकडेही असेच दुर्लक्ष होते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, चांगल्या कंपनीची, निदान दोन मीटर लांबीची आणि शक्यतो एका टोकाला काटकोनात वळलेली वायर घ्यावी. सरळ टोक गालाजवळ बाहेर आलेले राहते, गिऱ्हाइकाचा हात लागतो आणि आतील खोबण सैल होते. खोबण गेली की हेडसेट गेला असेच समजावे.

आता मुख्य गोष्ट, पॉवर बँक. पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत २०,००० एमएएच लिहिलेले असते. हा आकडा आतील सेलचा असतो. सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरला तर वीज झाली ७४ वॅट-तास. तो दाब वाढवून बाहेर देताना घट होते, म्हणून हाती साठ वॅट-तास पडतील असे धरावे. मागील बाजूस बारीक अक्षरांत खरी देय क्षमता छापलेली असते, ती वाचूनच पैसे मोजावेत. क्वेस्ट ३ चा नऊ वॅटचा उपसा धरला, तर अशी एक पॉवर बँक सहा तास पुरते. म्हणजे संध्याकाळचा सगळा धंदा एका पॉवर बँकेवर निघतो, हेडसेटची स्वतःची बॅटरी राखीव राहते. मात्र पॉवर बँक 'पॉवर डिलिव्हरी', म्हणजे पीडी प्रकारची आणि अठरा वॅट किंवा अधिक देणारी हवी. पॉवर बँकेला आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर ती कितीही स्वस्त असो, हातात धरू नये. पाच-सहाशे रुपयांत पन्नास हजार एमएएच देणारा विक्रेता आकडे देतो, वीज देत नाही.

पॉवर बँक ठेवायची कुठे? गिऱ्हाईक खुर्चीत बसणार असेल तर खुर्चीच्या पाठीला कापडी पिशवी शिवून तीत ठेवावी. फिरणारे गिऱ्हाईक असेल तर डोक्यामागे बॅटरी असलेला पट्टा बरा. मेटाचा स्वतःचा असा पट्टा आहे. बोबो व्हीआर या कंपनीच्या पट्ट्याला मागे चुंबकाने चिकटणारी बॅटरी असते. एक उतरली की काढून दुसरी लावायची, खेळ थांबत नाही. यात आणखी एक फायदा आहे. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे आणि ते जवळजवळ सगळे नाकासमोर असते. मागे बॅटरी आली की तराजूची दोन्ही पारडी जुळतात आणि वयस्कर माणसाची मान अवघडत नाही. भारी हेडसेट घेण्यापेक्षा हा बदल आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.

मोठ्या कंपन्यांनाही या बॅटरीने सतावले आहे. अ‍ॅपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत आणलेल्या व्हिजन प्रोची बॅटरी डोक्यावरून काढून वायरीने खिशात दिली, तरी ती दोन तासांच्या आसपासच चालत असे. एचटीसीच्या व्हाइव्ह फोकस ३ मध्ये बॅटरी काढून दुसरी बसवता येते. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर २ ने बॅटरीच ठेवली नाही, एकाच वायरीने तो गेमच्या यंत्राला जोडलेला असतो. तेथे फक्त हातातील दोन कंट्रोलर भरावे लागतात. आपल्याकडे जिओने २०२३ मध्ये १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह काढला. त्यात मोबाइल बसवायचा असतो, म्हणून सगळा भार मोबाइलच्या बॅटरीवर येतो आणि फोन तापतो. धंद्यासाठी तो आम्ही सुचवणार नाही. घरी पोरांनी मौज करायला ठीक आहे.

क्वेस्टच्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक पेन्सिल सेल लागतो. दर आठवड्याला सेल विकत घेण्यापेक्षा पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल आणि त्यांचा चार्जर घ्यावा. दोन वापरात, दोन भरलेले.

आता किनाऱ्याचा प्रश्न. येथील हवेत मीठ आणि ओल दोन्ही आहेत. ओल्या खोबणीत वायर घालून वीज सोडली, की आतील बारीक पट्ट्या हिरव्या पडून झिजतात. समुद्रात डुंबून आलेल्या गिऱ्हाइकाच्या केसांतील पाणीही तेवढेच घातक. त्याला आधी टॉवेल द्यावा, मग हेडसेट. रात्री घरी आल्यावर लगेच चार्जिंगला न लावता अर्धा तास पंख्याखाली ठेवावे. चार्जिंग नसताना खोबणीला रबरी बूच असू द्यावे.

खोबण वाचवण्यासाठी चुंबकी टोकाची वायर वापरा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मुंबईच्या मॉलमध्ये तो योग्य असेल. पण कोकणच्या वाळूत काळे लोहकण असतात, लहानपणी चुंबक वाळूतून फिरवून ते आपण सर्वांनीच गोळा केले आहेत. तेच कण चुंबकी टोकाला चिकटून दोन पट्ट्यांमध्ये बसले, तर तेथे ठिणगी पडू शकते. किनाऱ्यावर ही वायर नको. चुंबकी बॅटरीचा पट्टा घेतलात तर सुटी बॅटरी वाळूत ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा, लावण्याआधी पुसा.

उन्हाचीही भीती दुहेरी आहे. हेडसेट उताणा ठेवला आणि भिंगावर ऊन पडले, तर भिंगातून ते एकवटून आतील पडदा जळतो, काही क्षणांत कायमचा डाग राहतो. आणि लिथियम बॅटरी पंचेचाळीस अंशांपलीकडे भरू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. मे महिन्यात बंद मोटारीत हे तापमान सहज ओलांडते.

वीज जाण्याचे म्हणाल, तर मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर या किनाऱ्यावरील कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात होती, हे कोणी विसरलेले नाही. एवढ्या संकटात खेळ कोण पाहणार, हे खरे. पण रोजच्या तास-दोन तासांच्या खंडासाठी घरच्या इन्व्हर्टरवर हेडसेट आणि पॉवर बँका निर्धास्त भरता येतात. त्यांचा भार पंख्यापेक्षाही कमी असतो. वेगळा जनरेटर घेण्याची मुळीच गरज नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही कठोर राहू. झापांच्या मांडवात, जाळी किंवा थर्माकोलच्या पेट्यांशेजारी, अगर गादीवर लिथियम बॅटरी भरायला लावून झोपू नये. भरायचे ते फरशीवर, जागेपणी, माणूस समोर असताना. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याला तसे विचारावे.

आणि पावसाळा. जूनमध्ये मोसम संपला की हेडसेट कपाटात जातो आणि गणपतीच्या सुमारास बाहेर निघतो. या तीन महिन्यांत जितके हेडसेट मरत असतील तितके वापरात मरत नसावेत. पूर्ण रिकामी बॅटरी पडून राहिली तर ती पुन्हा भरून घेतच नाही. काठोकाठ भरून ठेवली तरी तिची झीज लवकर होते. म्हणून निम्म्यावर आणून पूर्ण बंद करावी, महिन्याने एकदा पाहून पुन्हा निम्म्यावर आणावी. कंट्रोलरमधील सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. कोकणातील पावसाळ्यात भिंगाला बुरशी कशी धरते, ते गावातील कोणत्याही फोटोग्राफरला विचारा.

गिऱ्हाइकांविषयी थोडे. चेहऱ्याला लागणारी गादी रोज अनेकांचा घाम पिते. क्वेस्ट २ च्या फोमच्या गादीने काहींच्या त्वचेला त्रास झाल्यामुळे जुलै २०२१ मध्ये कंपनीला अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गाद्यांबाबत माघार घेऊन सिलिकॉनची आवरणे द्यावी लागली होती. सिलिकॉनचे आवरण घ्यावे आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसावे. दहा वर्षांखालील मुलांसाठी हा हेडसेट नाही असे कंपनी सांगते. आईबापांनी आग्रह केला तरी ते ऐकू नये.

राहता राहिले दुबईचे बंधू. तेथील चार्जरला तीन चौकोनी पिना असतात. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने चार्जर चालतो, फक्त पिन बसत नाही. वरच्या भोकात काडी किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसून चौकोनी पिना बसवण्याची आपल्याकडे जी खोड आहे, ती सोडावी आणि येथेच अठरा ते तीस वॅटचा पीडी चार्जर घ्यावा. पॉवर बँक विमानात सामानात टाकता येत नाही, हातातील बॅगेतच ठेवावी लागते. शंभर वॅट-तासांपर्यंत ती चालते, म्हणजे २०,००० एमएएच बसते. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक असा नियम केला आहे, तेव्हा दुसरी येथेच घेणे सोयीचे. हेडसेटही हातातील बॅगेतच आणावा. आणि बंधूंना आजच कळवावे, की पक्के बिल घ्या आणि ही हमी भारतात चालेल काय, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. चालत नसेल, तर तेवढी किंमत कमी करून मागा.