बाळंतिणीच्या उशाशी

कशेळी, ता. भिवंडी

चि. बाय हिस,


काल रात्रीचा तुझा निरोप वाचला. लेबर रूमची पहिली ड्यूटी, पहिलंच बाळंतपण, डोकं बाहेर येताना तुला आलेली चक्कर, बाळ रडलं तशी तूही रडलीस, आणि दुपारपासून घास उतरलेला नाही. शेवटी लिहिलंस, ‘आत्या, मला नाही जमणार, मी नर्सिंगचा कोर्स सोडते.’ फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो, हो’ म्हणून ठेवून देशील. तुझे बाबा उद्या सकाळी डबा घेऊन हॉस्टेलवर येणार आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते. शांतपणे वाच.

चक्करेचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. बाळाला गारठा लागू नये म्हणून लेबर रूम 25 ते 28 अंशांवर ठेवतात, पंखा बंद असतो. तोंडाला मास्क, पोटात नुसता चहा, आणि गुडघे ताठ ठेवून तासभर एका जागी उभं राहणं. रक्त पायांत साचतं, समोरचं दृश्य पाहून नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. याचा तुझ्या धीटपणाशी काही संबंध नाही. खाऊन जा, पाणी पी, गुडघे सैल ठेव, टाचा उचलत राहा. कानात गुंई वाजायला लागलं की ट्रेपासून लांब हो, शेजारच्या मुलीला सांग आणि सरळ खाली बस. तेवढ्याने निभतं.

मनाचं मात्र एवढ्यावर भागत नाही. तुला किळस आली याची तुला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे, हे तू न लिहिताही मला समजलं. बाय, तुला ठाऊक तरी काय होतं? आपल्या घरांत लग्न न झालेल्या मुलीला बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकू देत नसत. तू पाचवीची पूजा पाहिलीस, बारसं पाहिलंस, डिंकाचे लाडू खाल्लेस. कळा तुला कुणी दाखवल्या नाहीत. सिनेमात एक किंकाळी ऐकू येते आणि लगेच पुसून काढलेलं बाळ दिसतं. खऱ्या बाळंतपणात रक्त असतं, गर्भजल असतं, जोर लावताना शौच होतं, ओकारी होते, नंतर टाके पडतात. पुस्तकातल्या आकृतीला वास नाही की आवाज नाही. ते सगळं एका दुपारी अंगावर आलं तर किळस, भीती, आनंद आणि ‘मला कधीच मूल नको’ हे सगळं एकाच वेळी वाटणारच. वर्गातल्या पुष्कळ मुलींना असंच वाटलेलं असतं, फक्त बोलत कुणी नाही. मूल हवं की नको, याचा विचार सावकाश कर. तो आज करायचा नाही.

पण तुझ्या निरोपात मध्येच एक वाक्य आहे, आणि रात्रभर मी त्याच वाक्यापाशी थांबले. ‘ती ओरडली तशी सिस्टरने तिच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, तेव्हा नाही ओरडलीस ती?’ तुला अंधारी आली ती रक्त पाहून की ती चापट पाहून, हे एकदा स्वतःला विचार. मला वाटतं, तुला जास्त लागलं ते हेच. आणि ते लागलं याचा मला आनंद आहे.

त्या सिस्टरला मी ओळखत नाही. टेबलांपेक्षा बाया जास्त आणि हात कमी अशा पाळ्या मीही केल्या आहेत, शहापूरच्या बाजूला, एका आरोग्य केंद्रात. तीही पहिल्या दिवशी तुझ्यासारखीच रडली असेल. वर्षानुवर्षं रडू गिळलं की एक दिवस दुसऱ्याचं रडणंच सहन होत नाही. हे कारण झालं, ही सवलत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली निवेदन काढून सांगितलं की प्रसूतीच्या वेळी बाईला मारणं, हिणवणं, तिच्या संमतीशिवाय काही करणं हा तिच्या हक्कांचा भंग आहे. आपल्या सरकारचा 2017 पासूनचा ‘लक्ष्य’ कार्यक्रमही सन्मानाच्या वागणुकीचाच आग्रह धरतो. तू विद्यार्थिनी आहेस. भर पाळीत तिथे भांडायला उभी राहू नकोस, बाईचे हाल वाढतील. तुमच्या ट्यूटर मॅडमना मात्र सांग, आणि शांतपणे, घडलं तसं सांग.

आणि पुढच्या वेळी तू उभी कुठे राहशील ते आजच ठरव. सगळ्या मुली टेबलाच्या पायथ्याशी गर्दी करतात, कारण केसबुक तिथल्या कामाने भरतं. तू आधी उशाशी जा. तिला विचार, ‘आम्ही शिकतो आहोत, थांबलं तर चालेल का?’ ती नाही म्हणाली तर बाहेर हो. हो म्हणाली तर तिचा हात हातात घे, कपाळ पूस, कळ ओसरली की घोटभर पाणी दे, आता काय होणार आहे ते सांगत राहा. पाहणाऱ्या माणसाला चक्कर येते. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं. आणि हे काम दुय्यम नाही. बाईजवळ सतत कुणी सोबत असलं तर काय फरक पडतो, हे 26 अभ्यासांत 15 हजारांहून जास्त बायांच्या बाबतीत तपासलं गेलं: कळांचा काळ कमी, नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी. सरकारी दवाखान्यांत बाईबरोबर तिची एक सोबतीण असू द्यावी, असं 2016 मध्येच केंद्राने कळवलं आहे.

पूर्वी उशाशी सुईण असे, आई असे. आता महाराष्ट्रात शंभरातल्या जवळपास 95 बाया दवाखान्यात बाळंत होतात, आणि ते चांगलंच आहे. पण भिवंडीकडची बाई डोळ्यांपुढे आण. कुणाचा नवरा लूमवर, कुणी स्वतः कशेळी-काल्हेरच्या गोदामात पॅकिंग करणारी. माहेर आजमगडला नाहीतर करीमनगरला. तिची आई इथे कुठून येणार? तेलुगू बाईला ‘भयपडकंडी’ म्हटलंस, घाबरू नका, तरी ती तुझ्याकडे मान वळवते. हे शब्द तुला कुठल्या परीक्षेत विचारणार नाहीत, तरी शिकून घे.

बाळ रडलं की सगळी खोली बाळाकडे धावते. तूही धावलीस. तू आईजवळ थांब. वार पडल्यावर पोटावर हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं, तर बाई हसत असली तरी रक्त आतून जात असेल. लगेच हाक मार. पहिले दोन तास सगळ्यात जोखमीचे. 2018-20 च्या मोजणीत देशात लाख जिवंत जन्मांमागे 97 माता गेल्या, महाराष्ट्रात 33. हा फरक कुणाच्या नशिबाने पडलेला नाही, अशा टेबलापाशी थांबलेल्या हातांनी पाडला आहे.

एखादं बाळ रडणार नाही, हेही तुला सांगून ठेवते. कधी पहिल्या मिनिटातल्या मेहनतीने रडेल, कधी नाही रडणार. त्या दिवशी आईला ‘दुसरं होईल’ असं म्हणू नकोस. जवळ बस. मुलगी झाली म्हणून दाराबाहेर चेहरे उतरतील तेव्हा तुला राग येईल. बाळ आधी आईला दाखव, तिच्याच तोंडून ‘मुलगी’ म्हणवून घे, आणि सगळ्यांसमोर तिचं मोकळेपणाने अभिनंदन कर.

या वाटेवर तू पहिली नाहीस. आपल्याजवळच्या कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. 1886 साली फिलाडेल्फियाला एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. 1891 साली मुंबईत बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला आल्या. पहिल्या भारतीय नर्स म्हणून हे नाव तू पाठ केलं असशील. पहिलं बाळंतपण पाहून त्या रात्री त्यांना झोप आली का, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. म्हणून तू बोल. मैत्रिणींशी बोल, मला लिही, वहीत लिही. मनात कोंडून ठेवू नकोस.

आता एक काम सांगते. निरोपात तू त्या बाईला ‘टेबल नंबर दोन’ लिहिलं आहेस. साध्या बाळंतपणानंतर 48 तास ठेवतात, म्हणजे उद्या सकाळी हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ती वॉर्डातच असेल. ड्यूटी नसली तरी ट्यूटर मॅडमना विचारून जा. तिचं नाव विचार, टाके दुखतात का विचार, लघवी नीट होते का, बाळ अंगावर ओढतं का ते बघ. तिचं नाव मला कळवू नकोस, ते तिचं आहे. तिने काय सांगितलं तेवढं मनाशी ठेव.

कोर्स सोडायचा की नाही, ते दुसरं बाळंतपण पाहिल्यावर बोलू. डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आहे. ड्यूटीवर जायच्या आधी खा.

तुझी
आत्या