घारापुरीचा हत्ती: सहलीआधी सांगायची गोष्ट



सहलीला निघताना आपण मुलांना बजावतो, "मूर्तींना हात लावू नका." का लावायचा नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं. ते कारण घारापुरीच्या हत्तीच्या गोष्टीतून मुलांना सहज कळतं.

घारापुरी हे मुंबईजवळचं समुद्रातलं बेट. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने साधारण तासाभराचा प्रवास. तिथल्या लेण्यात साडेपाच मीटर उंच, तीन मुखांची शिवमूर्ती आहे. मूर्ती, खांब, छत सगळं डोंगराच्या अखंड दगडातून कोरलेलं. तिथं चुकून एक बोट जरी तुटलं, तरी ते पुन्हा उगवत नाही.

याच बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं. १८१४ साली हत्तीचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे १८६४ साली इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. तुटायला एक क्षण, जोडायला पन्नास वर्षं!

जगातही असंच घडलंय. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६० च्या त्सुनामीने टोंगारिकी इथले प्रचंड पुतळे वाहून नेले. १९९० च्या दशकात जपानी क्रेनच्या मदतीने त्यातले १५ पुन्हा उभे राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला डोंगरात कोरलेलं शिवाचं लेणं आहे. अशा ठिकाणी खिळ्याने नाव कोरणं म्हणजे हत्ती पाडण्यासारखंच. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण मुलांना धाकापेक्षा अनुभव जास्त शिकवतो.

कृती: गटागटाने शाडूचा हत्ती करा. वाळल्यावर तोडा, एक तुकडा लपवा आणि उरलेला हत्ती मुलांना जोडायला द्या. मग विचारा, "हरवलेला तुकडा मनाने बनवायचा, की जागा रिकामी ठेवायची?" दोन्ही बाजूंनी वाद होऊ द्या. सहलीची सूचना त्यानंतर मुलंच लिहितील.