मोज्याची टाच

शाळेत घालावयाचा मोजा हातात घेऊन त्याची टाच नीट पाहिली, तर टाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरपी रेघ दिसते. तेथे कात्रीने कापल्याची खूण नसते. तरीही सरळ चाललेली नळी त्या जागी वळते, वाटीसारखी खोल होते आणि पुन्हा सरळ वर जाते. पाऊल व पाय यांच्यामध्ये जवळजवळ काटकोन असतो. कापड न कापता व न शिवता, केवळ टाक्यांच्या हिशेबाने हा काटकोन साधणे ही विणकामातील एक मोठी युक्ती आहे.

पायाला बेतलेले मोजे माणूस फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. इजिप्तमध्ये सापडलेला तांबड्या लोकरीच्या मोज्यांचा एक जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो सोळाशे वर्षांहून अधिक जुना आहे. त्याचा अंगठा इतर बोटांपासून वेगळा केलेला आहे, कारण तो वहाणांबरोबर घालावयाचा होता! हे मोजे आजच्यासारखे अनेक सुयांवर विणलेले नाहीत. एकाच सुईने दोऱ्याची वेटोळी एकमेकांत ओवून ते तयार केले आहेत. खऱ्या अर्थाने विणलेले मोजेही त्याच देशात सापडले. ते सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे असून पांढऱ्या व निळ्या सुताचे आहेत. त्यांतील विशेष असा, की त्यांचे विणकाम बोटांकडून सुरू होऊन वर घोट्याकडे गेलेले आहे. पुढे युरोपात मात्र मोजा वरून, म्हणजे पोटरीकडून खाली विणण्याचीच रीत अधिक रूढ झाली.

सुताच्या मोज्याची गोष्ट गेवराईच्या मुलांना परकी वाटू नये. बीड जिल्ह्याच्या उत्तरेस, गोदावरीच्या दक्षिण तीरावर हा तालुका पसरला आहे आणि तेथील काळ्या जमिनीत कापूस पिकतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठण व तेर या दोन नगरांचा उल्लेख आहे. तेर येथील सुती कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरापर्यंत नेले जात असे. पैठण आणि तेर यांच्या दरम्यानच्या मुलखातच आजचे गेवराई आहे. आता तेथील कापूस सरकी काढून, गाठी बांधून बाहेरगावी जातो आणि सूत होऊन बाजारात परत येतो.

सुताचा एक स्वभाव मात्र विणणाराने ओळखला पाहिजे. लोकर ताणली की लांबते आणि सोडली की पुन्हा आखडते. म्हणून मापात थोडी चूक झाली तरी लोकरीचा मोजा ती सांभाळून घेतो. सूत तसे करीत नाही. सुती मोजा सैल झाला तर सैलच राहतो, त्याला चुण्या पडतात आणि चालताना त्या चुण्यांनी फोड येतो. घट्ट झाला, तर टाचेवरून वरच चढत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. गेवराई तालुक्यातील कुटुंबेही त्यांत असतात. उसाच्या फडाजवळ उभारलेल्या कोपीत थंडीचे महिने काढावयाचे, पहाटेच्या दवात उभे राहून तोडणीला लागावयाचे, हा त्यांचा क्रम. टाचांना भेगा पडतात आणि त्या दुखतात. रात्री भेगांत आमसुलाचे तेल भरून वर सुती मोजा घातला, तर तेल जागच्या जागी राहते आणि कातडी मऊ होते. समजा, आजीजवळ राहणाऱ्या एका मुलीने आईसाठी असे मोजे विणावयास घेतले आहेत आणि आई निघण्यास दहाच दिवस उरले आहेत. वरून खाली विणू लागल्यास टाच येईपर्यंत अर्धे दिवस संपतील. ती पायाला बसते की नाही, हे कळेपर्यंत गाडी निघण्याची वेळ येईल. बोटांकडून सुरुवात केल्यास पाऊल व टाच आधी होते. आई घरी आहे तोवर ती तिच्या पायात घालून पाहता येते. पुढे सूत कमी पडले किंवा दिवस संपले, तर वरची नळी आखूड ठेवता येते. आखूड मोजाही मोजाच असतो.

विणण्यापूर्वी पायाची तीन मापे घ्यावी लागतात. पहिले माप पावलाच्या लांबीचे, दुसरे चवड्याच्या घेराचे. तिसरे माप बहुतेक लोक घेतच नाहीत आणि मोजा नेमका तेथेच बिघडतो. दोरा टाचेच्या मागील टोकाखालून घेऊन तिरपा वर आणावा आणि पाऊल जेथे पायाला मिळते, त्या खोलगट भागावरून फिरवून मोजावा. आपल्या उदाहरणातील आईची मापे लांबी २२ सेंटिमीटर, चवडा २१ आणि हा तिरपा घेर २९ आहे असे धरू. चवड्यापेक्षा तो तब्बल ८ सेंटिमीटर अधिक आहे! मोज्याची नळी पायावर चढताना या सर्वांत रुंद जागेवरूनच जावी लागते.

मग त्याच सुताचा व त्याच सुयांचा एक लहान तुकडा विणून पाहावा. त्यात १० सेंटिमीटर रुंदीत ३० टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ४० ओळी बसल्या, तर पुढचा हिशेब सोपा आहे. चवड्याच्या २१ सेंटिमीटरांना ६३ टाके लागतील. मोजा पायाला बिलगून बसावा म्हणून त्यांतून विसावा हिस्सा कमी करून ६० टाके धरावेत.

दोन सुया एकमेकींना लागून धराव्यात. सूत वरच्या सुईवरून, दोहोंच्या मधून आणि खालच्या सुईखालून असे आळीपाळीने फिरवून प्रत्येकीवर १२ टाके घ्यावेत. हे मोज्याचे बंद टोक. येथून गोल विणावयाचे. दर दुसऱ्या फेरीत दोन्ही कडांना मिळून ४ टाके वाढवीत गेले, की १८ फेऱ्यांत २४ टाक्यांचे ६० होतात. त्यांतील ३० टाके पावलाच्या वरच्या बाजूचे व ३० तळव्याचे. आता काही काळ हाताला स्वस्थता असते. नुसत्या सुलट फेऱ्या विणाव्यात आणि अधूनमधून पायात घालून पाहावे.

तळव्याच्या ३० टाक्यांवरच टाच विणली, तर तिरपा घेर सुमारे २५ सेंटिमीटर भरतो. आपल्याला २९ मधून विसावा हिस्सा वजा करून सुमारे साडेसत्तावीस हवे आहेत. परकराला घेर यावा म्हणून शिंपी कळ्या लावतो, तशाच दोन लहान कळ्या येथे विणून घ्याव्या लागतात. बोटांच्या टोकापासून साडेतेरा सेंटिमीटर झाले, की दर दुसऱ्या फेरीत तळव्याच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढवावा. असे तीनदा केल्यावर तळव्याचे ३६ टाके होतात आणि घेर २८ सेंटिमीटरांच्या आसपास जातो. केवळ सहा टाक्यांची ही वाढ. पण मोजा टाचेवरून सहज चढेल की तेथेच अडकेल, हे तिच्यावर ठरते.

यानंतर वरचे ३० टाके स्वस्थ ठेवावेत व ३६ टाक्यांवरच मागेपुढे विणावे. पहिल्या ओळीत ३५ टाके सुलट विणावेत, शेवटचा तसाच सोडून वळावे. दुसऱ्या ओळीत ३४ उलट विणून शेवटचा सोडावा. तिसऱ्या ओळीत ३३. औत बांधापर्यंत न नेता प्रत्येक तासाला थोडे अलीकडूनच वळवावे, तसे हे चालते. चोवीस ओळी झाल्या म्हणजे मध्ये १२ टाके उरतात आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा टाके वाट पाहत थांबलेले असतात. आता उलट क्रम. दर ओळीला थांबलेला एकेक टाका परत विणण्यात घ्यावा. १३, १४, १५ असे करीत पुन्हा ३६ व्हावेत. मधल्या टाक्यांना ४८ ओळी मिळाल्या, कडेच्या टाक्यांना मात्र जेमतेम एखादी. म्हणून मधला भाग फुगतो, कडा जागच्या जागी राहतात आणि वाटीसारखी टाच तयार होते. मोज्यावरील तिरपी रेघ म्हणजे हीच वळण्याची जागा.

वळताना एक काळजी घ्यावी लागते. नुसते वळले, तर त्या जागी भोक पडते. म्हणून वळण्यापूर्वी शेजारच्या न विणलेल्या टाक्याभोवती सुताचा एक वेढा द्यावा आणि तो टाका परत विणताना वेढा व टाका एकत्र विणावेत. नवशिक्यांच्या हातून एखादे भोक राहतेच; ते मागाहून आतल्या बाजूने सुईदोऱ्याने बुजविता येते.

मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ली या धर्मोपदेशकाने तयार केले. त्यावर सपाट पट्टी निघे आणि ती शिवून मोजा करावा लागे. पुढे गोल नळी विणणारी यंत्रे आली. अशा अनेक यंत्रांचा गोल फिरणारा भाग टाच येताच गोल फिरणे थांबवून मागेपुढे डोलू लागतो आणि अर्ध्या सुया काही वेळ स्वस्थ राहतात. हातांनी शोधलेली वाटच यंत्राने धरली.

टाच पूर्ण झाली, की पुन्हा सर्व टाक्यांवर गोल विणावे. दर दुसऱ्या फेरीत मागील दोन्ही कडांना दोन-दोन टाके एकत्र विणून, तीन वेळांत वाढविलेले सहा टाके कमी करावेत. आता ६० टाक्यांची नळी घोट्यावर चढू लागते. सुताचे आरंभीच दोन सारखे गुंडे केलेले असावेत. एक गुंडा संपत आला, की दोन सुलट, दोन उलट अशा काही फेऱ्या विणून टाके सैल हाताने बंद करावेत. घट्ट बंद केले, तर एवढ्या कष्टाने बसविलेली टाच मोज्याच्या तोंडाशीच अडेल. दुसरा गुंडा दुसऱ्या मोज्यासाठी. त्याच्या टाचेलाही तितक्याच, अठ्ठेचाळीस ओळी लागतात.