शिळ्या पावाचे रसायन

दोन दिवसांचा पाव कडक का होतो? ‘पाणी उडून जाते म्हणून’ असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८५२ साली पाव हवाबंद ठेवून पाहिला. पाणी बाहेर गेले नाही, तरी पाव शिळा झालाच! आणि तो पुन्हा तापवताच मऊ झाला.

हा खेळ स्टार्चचा आहे. पाव भाजला जाताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची रचना विस्कटते. पाव थंड झाल्यावर स्टार्चचे रेणू हळूहळू पुन्हा रांगा धरतात आणि पाव घट्ट होतो. उष्णतेने या रांगा मोडतात.

मध्य इटलीतील शेतकरी कुटुंबांना हे रसायन ठाऊक नव्हते. पण शिळा पाव टाकायचा नाही, हे ठाऊक होते. निखाऱ्यावर भाजलेल्या कापावर लसूण चोळून ते ऑलिव्हचे तेल घालीत. हाच ‘ब्रुस्केत्ता’. टोमॅटो युरोपात आला सोळाव्या शतकात, अमेरिका खंडातून. म्हणून त्याची जोड नंतरची. आपण त्यात चीजही घालू.

साहित्य : पावाचे बोटभर जाड ४ काप, २ टोमॅटो, अर्धी ढोबळी मिरची, लसणीची १ पाकळी, किसलेले चीज ४ चमचे, तेल २ चमचे, मीठ.

कृती : (मोठ्या माणसांना जवळ ठेवून करावी.)
१. टोमॅटोच्या बारीक फोडींना मीठ लावून त्या १० मिनिटे गाळणीत ठेवा.
२. काप तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सोनेरी भाजा.
३. गरम कापावर सोललेली लसूण चोळा. वर चीज पसरा; ते वितळले की काप उतरवा.
४. टोमॅटो व बारीक चिरलेली मिरची वर ठेवून तेल शिंपडा आणि लगेच खा.

असे का? मिठामुळे टोमॅटोच्या पेशींतील पाणी परासरणाने बाहेर येते. ते आधीच गळून गेले, तर पाव भिजत नाही. वितळलेल्या चीजमधील स्निग्धांशही पाणी अडवतो. कापाचा पृष्ठभाग ओला असेतो त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. तो कोरडा झाला, की सुमारे १४० अंशांपुढे शर्करा व अमिनो आम्ले यांचा संयोग वेगाने होऊन सोनेरी रंग व खमंग वास येतो. मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली हीच ती अभिक्रिया. अखंड लसणीला फारसा वास नसतो. चोळल्याने पेशी फुटतात, आतील विकर मोकळे होते आणि उग्र वासाचे अ‍ॅलिसिन तयार होते.

सावधान! पाव काळा होऊ देऊ नका. जास्त भाजलेल्या स्टार्चयुक्त पदार्थांत अ‍ॅक्रिलअमाइड हे अपायकारक द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. आणि बुरशी आलेला पाव मात्र टाकूनच द्या. बुरशीचे तंतू आतवर पसरलेले असतात आणि तिची काही विषे भाजूनही नष्ट होत नाहीत. शिळा पाव वेगळा, बिघडलेला पाव वेगळा.

करून पाहा : ताज्या पावाचे दोन सारखे काप दोन घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा, एक डबा शीतकपाटात, दुसरा बाहेर. दुसऱ्या दिवशी दोन्ही काप दाबून पाहा. कोणता अधिक कडक झाला? स्टार्चच्या रांगा थंडीत लवकर लागतात की उबेत, याचे उत्तर तुमच्या बोटांनाच मिळेल.