सिल्की कोंबड्या आणि जादा नरांचा प्रश्न

कोंबडी अंड्यांवर बसवली की साधारण निम्मी पिल्ले नर निघणार, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. तरीही पिल्ले बाहेर पडली की आपण हिशेब करतो तो माद्यांचाच. तलंगा किती होतील, अंडी किती मिळतील! नरांची आठवण होते ती चार-पाच महिन्यांनी, खुराड्यात मारामाऱ्या सुरू झाल्या म्हणजे. बेळगाव-निपाणी भागात हौसेने सिल्की पाळणाऱ्यांना ही अडचण जरा अधिकच भासते, म्हणून या वेळी तिच्याविषयी लिहीत आहोत.

सिल्की मूळची चीनकडची. तेराव्या शतकात तिकडे गेलेल्या मार्को पोलोने मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे, तो याच जातीचा समजतात. पिसे मऊ, डोक्यावर झुबका, पायाला चारऐवजी पाच बोटे आणि पिसे पांढरी असली तरी कातडी व हाडे काळसर. झाबुआकडील कडकनाथचे मांसही काळे असते, पण त्याची पिसे साधी आणि बोटे चारच. बाजारात कोणी एक सांगून दुसरे गळ्यात मारू लागला तर आधी बोटे मोजावीत. काळ्या कोंबडीच्या नावाने मोठ्या नफ्याची आशा दाखवणाऱ्यांपासूनही जपावे. 2019 साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत पैसे घालून अनेक शेतकरी बुडाले, ही गोष्ट फार लांबची नाही.

सिल्की अंडी थोडी व लहान घालते. तिचा खरा उपयोग खुडूक बसण्यात आहे. गावठी कोंबडीची अंडीही ती मनापासून उबवते आणि पिल्लांना पंखाखाली घेते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात प्रभूने यरुशलेमसाठी जो दृष्टांत घेतला, तो अशा कोंबडीकडे पाहिले की लगेच समजतो. मात्र आपल्याकडच्या पावसात तिला फार जपावे लागते. तिच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, अंगात मुरते. खुराड्यात भाताचे तूस कोरडे ठेवावे व ओले झाले की बदलावे. ती उडू शकत नाही, तेव्हा बसायची दांडी जमिनीपासून हातभरच उंच असावी. मुंगूस आणि कुत्र्यापासून रात्री पक्का बंदोबस्त हवा. झुबका डोळ्यांवर आला तर कात्रीने थोडा छाटावा. मानमोडीची लस इतर कोंबड्यांप्रमाणेच द्यावी. पहिली लासोटा 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला आणि नंतर सुमारे 8 आठवड्यांनी आर.टू.बी. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करून चार घरांनी मिळून लस आणली म्हणजे वाया जात नाही.

आता नरांकडे येऊ. सिल्कीत नर-मादी फार उशिरा कळते. झुबक्यातील पिसे मागे लांब सुटली, तुरा रुंद झाला की नर म्हणावा, पण पुष्कळदा आरवेपर्यंत खात्री होत नाही. म्हणून लहान पिल्लांची ‘जोडी’ देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तोवर खाद्य चालूच असते. समजा बारा अंडी ठेवली, आठ पिल्ले जगली आणि त्यांत चार नर निघाले. वाढत्या नराला रोज 65 ग्रॅम दाणा धरला तरी चौघांना महिन्याला जवळजवळ आठ किलो लागतो. आठ-दहा माद्यांना एक नर पुरे, अडीअडचणीला आणखी एक. बाकीचे ठेवले तर माद्यांच्या पाठीची पिसे जातात आणि शेजाऱ्यांची झोपही.

तेव्हा नरांचे काय करणार हे अंडी ठेवण्यापूर्वीच ठरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ठरत नसेल तर अंडी खावीत. खुडूक कोंबडीखाली बाराच ठेवली पाहिजेत असा काही नियम नाही, सहाही पुरतात. वेळही पाहावी. जानेवारीच्या आरंभी बसवलेल्या अंड्यांचे नर जूनअखेर पाच महिन्यांचे होतात आणि आषाढात गिऱ्हाईक चांगले असते. श्रावण लागला की शेजारीपाजारी मांसाहार बंद होतो व भाव पडतो. आपल्या उपवासकाळातही घरात मागणी कमीच. जूनमध्ये बसवलेली पिल्ले नाताळाला तयार होतात, पण ती पावसात आत सांभाळायची तयारी हवी.

काहीजणांना कापणे जिवावर येते, मग कोंबडा ओढ्याकडे किंवा मळ्यात सोडून देतात. ही दया नव्हे. सिल्कीला तेथे एक रात्रही काढणे कठीण. झुंजीसाठी मागणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांची झुंज लावणे गुन्हा आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 2417 व 2418) अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा आहे, मात्र त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असेही म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (परिच्छेद 130) त्याचीच आठवण दिली.

म्हणजे कापायचा तर नीट कापावा. बाजारात नेताना पाय बांधून सायकलला उलटा टांगू नये, डालग्यात न्यावा. आदल्या रात्रीपासून दाणा बंद करावा, पाणी मात्र असू द्यावे. सुरी धारदार हवी आणि काम इतर कोंबड्यांपासून दूर करावे. औषध चालू असलेला पक्षी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय खाऊ नये. कच्च्या मांसाची पाटी व सुरी कोशिंबिरीला वापरू नये, हात साबणाने धुवावेत, पिसे व आतडी खोल पुरावीत. मुलांनी कोंबड्याला नाव ठेवले असेल तर त्यांना खरे सांगावे. ‘मामाकडे गेला’ म्हणून रात्री तोच वाढला तर मुले दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाहीत.

काळे मांस पाहून घरची मंडळी बिचकतात, पण ते इतर कोंबडीइतकेच खाण्याजोगे आहे. चीनमध्ये बाळंतिणीला त्याचा रस्सा देतात. आपणही द्यावा, प्रथिने मिळतील. मात्र दमा, मधुमेह त्याने बरा होतो असे कोणी सांगितले तर डॉक्टरांच्या गोळ्या थांबवू नयेत.

चांगला, धडधाकट नर कापण्याआधी ओळखीच्या सिल्कीवाल्याला विचारावे. भावाबहिणीची पैदास वर्षानुवर्षे चालली की पिल्ले नाजूक निघतात, म्हणून त्यालाही बाहेरचा नर हवाच असतो. अदलाबदल करावी आणि आलेला नर तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवून मगच कळपात सोडावा.